आम्ही घरी नव्हतो, म्हणून घर नव्हतं

डॉकाच्या गेटावर सकाळी सकाळी एक पोरगी उभी होती. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, हातात टॅबलेट, डोक्यावर ओढणी. येणाऱ्या-जाणाऱ्या हमालाला थांबवून प्रश्न विचारत होती. कोणी थांबत नव्हतं. हजेरीची वेळ. पाच मिनिटं उशीर झाला की मुकादम दुसऱ्याला आत घेतो आणि तुम्ही दिवसभर भाऊच्या धक्क्यावर समुद्र बघत बसा. मी रात्रपाळी करून बाहेर पडत होतो म्हणून थांबलो. शिवाय मला कोणी प्रश्न विचारला की बरं वाटतं. आम्हांला प्रश्न कोण विचारतो? हुकूम करतात.

ती म्हणाली, "दादा, तुमच्या प्रवासाची सुरुवात कुठून?"

मी म्हटलं, "नंदुरबार."

ती हसली. "तसं नाही दादा. आजची सुरुवात. आज घरून कुठून निघालात?"

"शिवडीची खोली. सहाजण राहतो."

तिनं बोटानं भराभर भरलं. उगम शिवडी. गंतव्य डॉक. साधन पायी. वेळ पंचवीस मिनिटं. खर्च शून्य. हेतू काम. "झालं," म्हणाली.

मी म्हटलं, "ताई, आणि नंदुरबारचं काय?"

"त्याला कोड नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या बाहेरचं सगळं एकाच खणात जातं. बाह्य विभाग." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाली, "मलाही ते बरोबर वाटत नाही. पण फॉर्म माझा नाही."

पोरगी सरळ होती. खोटं बोलली नाही. फॉर्म तिचा नाही. माझा तर नाहीच नाही. मग हा फॉर्म कोणाचा? खोलीवर येऊन आडवा झालो, पण झोप लागली नाही. हा लेख त्या न लागलेल्या झोपेतून आलेला आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. पाठीवर पोती वाहतो, कविता लिहितो. शहर-नियोजन, भूवापर, वाहतूक ह्या विषयांतला पंडित नाही. पण ह्या शास्त्रानं माझ्या घरावर रेघ मारली आहे. तेव्हा बोलायचा हक्क मला पोचतो. नसला पोचत तर मी तो घेतो.

माझं गाव नंदुरबार जिल्ह्यात, तालुक्याच्या शहराला चिकटून. शहराचं नाव लिहीत नाही. एका कारकुनावर, एका साहेबावर बोट ठेवून भागणारं हे दुखणं नव्हे. गावाच्या खालच्या अंगाला नाला, नाल्यापलीकडे आमचा बौद्धवाडा आणि त्याला लागून भिलाटी. खानदेशात कुठंही जा, भिलाटी आणि महारवाडा असेच जोडीनं गावाबाहेर बसलेले दिसतील. गावठाणाची हद्द नाल्याअलीकडे संपते. म्हणजे कागदावर गाव संपतं तिथं आम्ही सुरू होतो.

दिवाळी झाली की आमच्याकडे ट्रक येतात. मुकादमानं पावसाळ्यातच उचल दिलेली असते. ती दवाखान्यात, लग्नात, किराणा दुकानाच्या उधारीत कधीच गेलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसाचं नाव नंतर, आधी कोयता. घरावरचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा, चार बांबू काढायचे, भांडी बांधायची, कोंबडी पाटीत घालायची, म्हातारी आणि पोरं वर चढवायची. नवापूरवरून बारडोली, सुरत, नवसारीकडे. काही टोळ्या रेल्वेनं जातात. सुरतेकडून येणारी ही तापी व्हॅली रेल्वे इंग्रजांच्या राज्यात १९०० च्या सुमारास नंदुरबारवरून अंमळनेरापर्यंत आली. मालासाठी आली. आजही ती माल नेते, त्यातला एक माल आम्ही. नवापूरचं स्टेशन तर असं की अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथं एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध राज्याची हद्द जाते. लोक त्यावर बसून फोटो काढतात. माझ्या बापानं त्याच फलाटावर रात्री काढल्या. त्याला हद्द कधी दिसली नाही. दोन्हीकडे कोयता सारखाच चालतो.

परत यायचं ते आखाजीला. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने आमच्या वस्तीत दारं नसतात, छपरं नसतात. असतात ती चुलीची काळी दगडं आणि ट्रकात बसवत नाहीत ती म्हातारी माणसं.

आता शास्त्राकडे येऊ.

महाराष्ट्रात कुठल्याही शहराचा विकास आराखडा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानं होतो. त्या कायद्याप्रमाणं आराखड्याआधी अस्तित्वातल्या भूवापराचा नकाशा करावा लागतो. कोणती जमीन आज कशासाठी वापरली जाते ते रंगानं दाखवायचं. रहिवास एक रंग, व्यापार दुसरा, शेती तिसरा, मोकळी जागा चौथा. विद्यापीठांतून, नियोजनाच्या शाळांतून शिकून आलेली पोरं हे काम करतात. आमच्या शहराची हद्द वाढली, नालाही हद्दीत आला, आणि अशीच पाहणी झाली. कधी झाली? हिवाळ्यात. का हिवाळ्यात? पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात ऊन. हिवाळ्यात हवा चांगली असते. पाहणी करणाऱ्यांना सोयीचा काळ.

ते आले तेव्हा आम्ही फडात होतो. त्यांना नाल्यापलीकडे काय दिसलं? समाजमंदिराची एक खोली, दहा-बारा पक्की घरं आणि बाकी बिनछपराच्या मातीच्या भिंती. त्यांनी पक्क्या घरांवर रंग भरला. बाकीच्यावर लिहिलं: मोकळी जागा.

कोणी दुष्टाव्यानं लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. दुष्टावा असता तर भांडायला बरं पडतं. हा पोरगा प्रामाणिक असेल. डोळ्यांना दिसलं ते त्यानं लिहिलं. आम्ही घरी नव्हतो, म्हणून घर नव्हतं.

मग त्या मोकळ्या जागेवर रस्ता आला. अठरा मीटर रुंद. रस्त्याच्या कडेला भाजी मंडईचं आरक्षण. मोकळ्या जागेत रस्ता काढणं हे शहाणपणाचंच काम, नाही का? कोणाचं घर पाडावं लागत नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. कायदा लोकशाहीचा आहे, तो सगळ्यांना विचारतो. सूचना व हरकती, मुदत तीस दिवस. नोटीस राजपत्रात, पेपरात, कचेरीच्या फळ्यावर. तीस दिवस म्हणजे पौष महिना. बारडोलीच्या फडात राजपत्र येत नाही. आखाजीला लोक परत आले, बांबू रोवले, कागद टाकला, आणि महिन्याभरानं कोणीतरी येऊन समाजमंदिराच्या भिंतीवर लाल पट्टा मारून गेलं. बापानं विचारलं, हा कशाचा? तो म्हणाला, रस्त्याची मध्यरेषा. मी मुंबईहून गेलो, अर्ज लिहिला, बापाचा अंगठा घेतला. कारकून पाणी देऊन, खुर्ची देऊन बोलला. म्हणाला, "मुदत संपली भाऊ. तुमच्या भागातून एकपण हरकत आलेली नाही."

एकपण हरकत नाही. म्हणजे आम्ही कबूल आहोत. म्हणजे आम्ही गप्प बसून आमच्या घरावरून रस्ता मागून घेतला.

माय त्या दिवशी अहिराणीत एकच वाक्य बोलली, "कागद भरी लेतस, मंग कोनी येस नहीं." कागद भरून घेतात, मग कोणी येत नाही. नियोजनशास्त्रावर ह्याहून नेमकी टीका मी अजून वाचलेली नाही.

आता त्या पोरीच्या फॉर्माकडे पुन्हा जाऊ. मी मागून लायब्ररीत बसून वाचलं. वाहतुकीच्या अभ्यासाचा जो साचा आज जगभर चालतो तो १९५० नंतरच्या अमेरिकेतला. डेट्रॉइट, शिकागो ह्या शहरांत तयार झाला. शहराचे तुकडे पाडायचे, त्यांना विभाग म्हणायचं. प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतात ते मोजायचं. त्या कुठं जातात ते काढायचं. कोणत्या वाहनानं जातात ते ठरवायचं. मग त्या रस्त्यांवर वाटून टाकायच्या. चार पायऱ्या. पाचवी पायरी नाही. फेरी का निघाली, माणसाला त्याच्या जागेवरून कोणी उठवलं, हा प्रश्न ह्या गणितात नाहीच. 'हेतू' ह्या खणात काम, शिक्षण, खरेदी, करमणूक एवढंच. 'भूक' लिहायला जागा नाही. 'उचल' लिहायला जागा नाही.

शहराभोवती एक रेघ मारतात. त्या रेघेवर नाके बसवून आत येणारी-बाहेर जाणारी वाहनं मोजतात. ट्रक मोजला जातो. ट्रकात ऊस आहे की ऊस तोडणारी माणसं आहेत ह्यानं गणितात फार फरक पडत नाही. रेघेच्या आत आलो की मी पंचवीस मिनिटांची पायी फेरी. रेघेच्या बाहेर मी कोण? बाह्य विभाग. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. दोस्तहो, गावकुसाबाहेर ठेवायला ह्या देशाला कधी संगणक लागला नव्हता. आता तेही सोय करून देतात.

मुंबईच्या वाहतुकीचा पहिला मोठा अभ्यास १९६२ साली विल्बर स्मिथ ह्या अमेरिकन सल्लागार कंपनीकडून करून घेतला. त्यातून समुद्राकाठच्या मोटाररस्त्यांची स्वप्नं निघाली. २००८ च्या सर्वंकष अभ्यासात मात्र असं निघालं की ह्या महानगरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायीच होतात. म्हणजे माझ्यासारखेच बहुसंख्य. मग पैसा कुठं गेला? २०२४ च्या जानेवारीत माझ्या शिवडीतून अटल सेतू सुरू झाला. २१.८ किलोमीटर. त्यावर पायी जायला बंदी, सायकलला बंदी, रिक्षाला बंदी, मोटारसायकललासुद्धा बंदी. अभ्यासानं सांगितलं लोक चालतात. पैशानं सांगितलं, चालू द्या, आपण मोटारीसाठी बांधू. तेव्हा नुसतं मोजून घेतल्यानं काही होत नाही हेही ध्यानात ठेवा. मोजणीच्या मागं माणूस उभा लागतो.

आमच्या जिल्ह्याचा आणखी एक नकाशा सांगतो. हा माझ्या घराचा नाही, सातपुड्याचा आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी ह्या दोन तालुक्यांतली ३३ गावं आली. मणिबेली पहिलं. ह्या लोकांना जमीन द्यायची म्हणून १९९० नंतर तळोद्याचं चार हजारांवर हेक्टर जंगल मोकळं केलं. नकाशावर तो हिरवा रंग होता. हिरवा म्हणजे वन, वन म्हणजे सरकारी, सरकारी म्हणजे रिकामं. प्रत्यक्षात तिथं दुसरे आदिवासी आधीपासून शेती करत होते. पण त्यांच्या शेताला रंग नव्हता. त्यांना सरकारी नाव होतं अतिक्रमणदार. एका उपाशी माणसाला दुसऱ्या उपाशी माणसाच्या ताटावर नेऊन बसवलं आणि त्याला पुनर्वसन म्हटलं. भांडणं आदिवासी-आदिवासींत लागली. रंग भरणारा नामानिराळा.

देशाच्या भूवापराच्या आकडेवारीत जमिनीचे नऊ प्रकार करतात. वन, बिगरशेती, पडीक, कुरण, झाडोरा, चालू पड, पेरलेली आणि असंच. नऊच्या नऊ प्रकारांत जमीन काय करते ते आहे. जमिनीवर कोण आहे, कोणाच्या नावावर आहे, कोण राबतं, हे एकातही नाही. जात नावाचा सगळ्यात जुना भूवापर ह्यांच्या तक्त्यात नाही! स्मशान वरच्यांचं कुठं, आमचं कुठं, पाणवठा कुठं, गायरानात कोणाची गुरं चालतात आणि कोणाची झोपडी पाडतात, हा सगळा भूवापरच आहे. हजार वर्षांचा विकास आराखडा आहे तो. त्याला हरकती-सूचना कधी मागवल्या नव्हत्या.

तर मग विद्यापीठांना आग लावायची का? आपल्यातले काही तरुण मित्र म्हणतील, लावा. संशोधक म्हणजे शोषकाचा मोठा भाऊ. मी तसं म्हणणार नाही. कारण आपला बाप संशोधक होता.

१९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. वय सत्तावीस. त्या वेळचे पंडित म्हणत होते, जमिनीचे तुकडे फार लहान झाले, ते जोडून मोठे करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीला लावायला अवजार किती, भांडवल किती, त्यावर ठरतं. खरा रोग आहे तो जमिनीला लोंबकळणारी जास्तीची माणसं. त्यांना उद्योगधंद्यात काम द्या, जमीन आपोआप हलकी होईल. शंभर वर्षं झाली. भूवापराचा ह्याहून मोठा विचार आमच्या जिल्ह्याच्या कुठल्या आराखड्यात मला दिसला नाही.

पण इथं एक गोष्ट नीट बघा. बाबासाहेबांनी माणूस जमिनीवरून उठून कारखान्यात जावा असं म्हटलं. आमचा बाप उठला. पण गेला कुठं? एका शेतातून दुसऱ्याच्या शेतात. भूमिहीन गेला, भूमिहीन परत आला, मधे सहा महिने ऊस तोडला. हे स्थलांतर नव्हे, हे हेलपाटे आहेत. बाबासाहेबांना अभिप्रेत होतं ते जाणं म्हणजे सुटका. आमचं जाणं म्हणजे दाव्याला बांधलेल्या बैलाचं गोल फिरणं. बैल दिवसभरात किती मैल चालला ते तुमच्या वाहतूकशास्त्रात मोजता येईल. दावं मोजता येणार नाही.

त्याच काळात, १९१९ साली, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला. त्याचा पहिला प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा नगररचनाकार. त्याचं शिकवणं असं की आधी पाहणी, मग आराखडा; आणि पाहणी म्हणजे जागा, काम आणि माणसं ह्या तिन्हींची एकत्र. गेडिस शहरांच्या गल्ल्यांतून पायी हिंडायचा. म्हणजे ह्या देशात नगररचनेचं शिक्षण सुरू झालं तेच 'आधी माणसं बघा' म्हणत. पुढं आम्ही काय केलं? जागा ठेवली. काम थोडं ठेवलं. माणसं गाळली.

सगळ्यांनी गाळली नाहीत. यान ब्रेमन नावाच्या डच प्राध्यापकानं बारडोलीच्या फडात हिंडून १९७८ साली लिहिलं, की तिथले हळपती मजूर दारात बेकार बसलेले असताना कारखाने खानदेशातून तोडकरी का आणतात. परका मजूर कोपीत राहतो, कारखान्याची गरज पडेल तेव्हा उठतो, हंगाम संपला की नाहीसा होतो. तो गावात कोणाचा कोणी नसतो, म्हणून भांडत नाही. माझ्या बापाचं आयुष्य मी असं मुद्देसूद प्रथम त्याच्या लिहिण्यातून समजून घेतलं. शहाद्यात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंतींनी भिलांच्या गेलेल्या जमिनी परत मागितल्या, श्रमिक संघटना उभी राहिली. त्यावर मारिया मीस ह्या जर्मन बाईनं १९७६ साली लेख लिहिला. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९९३ साली नर्मदेच्या महाराष्ट्रातल्या पुनर्वसनाचा आढावा छापला. म्हणजे विद्यापीठाच्या माणसाला दिसत नाही असं नव्हे. बघायला गेला तर दिसतं.

पण माझी तक्रार ह्या चांगल्यांवरही आहे. हे सगळं इंग्रजीत. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या भिलाटीत त्यातलं एक पान परत आलं नाही. अहिराणीत नाही, भिलीत नाही, पावरीत नाही, मराठीतसुद्धा नाही. उसाचं कसं होतं? तोडायचा आम्ही, गाळप दुसरीकडे, साखर तिसरीकडे. २०२२ च्या हंगामात मी जहाजावर चढणारी साखरेची पोती वाहिली. बाप तोडतो, मी वाहतो, साखर परदेशी. तसंच आमच्या माहितीचं. कच्चा माल आमचा, गोडी दुसऱ्याची.

आता पुन्हा डेट्रॉइट. ज्या शहरात हा मोजणीचा साचा घडला त्याच शहरात ब्लॅक बॉटम नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे तिचा कणा. दुकानं, चर्च, गाण्याचे अड्डे. १९६० च्या आसपास त्यावरून मोटारींचा महामार्ग गेला. हेस्टिंग्ज स्ट्रीट उरला नाही. आपण पँथर हे नाव काळ्या भावांकडून घेतलं, ते उगाच नाही. रस्ता कोणाच्या घरावरून जातो ह्या प्रश्नाचं उत्तर तिकडेही आधीच ठरलेलं होतं.

पण त्याच डेट्रॉइटात १९६८ नंतर आणखी एक गोष्ट घडली. विल्यम बंगी नावाचा भूगोलाचा गोरा प्राध्यापक आणि ग्वेन्डोलिन वॉरेन ही काळ्या वस्तीतली जेमतेम विशीची पोरगी, ह्यांनी मिळून वस्तीतल्या तरुणांना घेऊन एक मोहीम काढली. वस्तीतल्या पोरांना भूगोल आणि नकाशे शिकवायचे, आणि त्यांनीच आपल्या वस्तीचे नकाशे काढायचे. त्यातला एक नकाशा असा: शहरात कामाला येणाऱ्या उपनगरवाल्यांच्या मोटारींखाली काळी पोरं कुठं कुठं मेली. एक रस्ता, त्यावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक पोर. वाहतूकशास्त्रानं ज्याला फेऱ्या म्हटलं, त्या फेऱ्यांचा हा दुसरा हिशेब. तो वस्तीनं काढला. कारण मोटारीत बसलेल्याला ते दिसणारच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. फॉर्म आपला पाहिजे. प्रश्न आपण लिहिले पाहिजेत. आणि पाहणी कोणत्या महिन्यात करायची हे आपण ठरवलं पाहिजे. ज्याच्या हातात पाहणीची तारीख, त्याच्या हातात नकाशा.

ह्याची घाई आहे. २०११ ची शिरगणती झाली फेब्रुवारीत. जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार निघाली, शंभरांत एकोणसत्तर आदिवासी. पण फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. कोप्यांतली माणसं कुठं मोजली, कशी मोजली, हे गावाला कोणी सांगितलं नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख सरकारनं २०२५ साली जाहीर केली ती १ मार्च २०२७. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत. पुन्हा आम्ही फडात. ह्या वेळी जातही मोजायची आहे. पाणी, शाळा, रस्ता, राखीव जागा, सगळं त्या आकड्यांवर. घरी कोणी नाही असं पुन्हा लिहू द्यायचं का?

म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या तरुणांना सांगतो, आणि भिलाटीतल्या, पाड्यांवरच्या भावाबहिणींनाही सांगतो. हे काम कोणा एका जातीचं नाही.

दिवाळीनंतर नवापूरच्या नाक्यावर, अक्कलकुव्याच्या रस्त्यावर, नंदुरबारच्या फलाटावर दोन-दोन पोरं बसवा. वही घ्या, टॅबलेट नको. ट्रक मोजू नका, ट्रकातली माणसं मोजा. कोणत्या गावचे, किती उचल, किती पोरं शाळेतून उठवली, आखाजीला किती परतले, किती नाही परतले. गावोगाव यादी करा: हे घर आहे, हे लोक कामाला गेले आहेत, ह्या तारखेला येणार आहेत. यादीवर ग्रामसभेचा ठराव घ्या. माहिती अधिकारात अस्तित्वातल्या भूवापराच्या नकाशाची प्रत मागा आणि तो घेऊन वस्तीत उभे राहा. जिथं मोकळी जागा लिहिलंय तिथं चूल दाखवा. सातपुड्यातल्या मित्रांनी दुसरा नकाशा काढावा: रस्ता कुठं संपतो आणि बाळंतिणीची बांबूची झोळी कुठून सुरू होते. तो खरा वाहतुकीचा आराखडा. आणि मागणी करा की हरकतींची मुदत गाळपाच्या हंगामात ठेवायची नाही. ठेवली तर फडात येऊन वाचून दाखवा.

विद्यापीठातल्या पोरांनो, तुमच्याशी माझं वैर नाही. आमच्यातले काही आता तुमच्यातही बसतात. जळगावचं विद्यापीठ आमच्या तीन जिल्ह्यांचं आहे, बहिणाबाईंचं नाव त्याला आहे, आणि ती बाई कधी शाळेत गेली नव्हती. तेव्हा अडाण्याकडून शिकायला लाज वाटायचं कारण नाही. या. पण आखाजीनंतर या, आम्ही घरी असतो तेव्हा. किंवा हिवाळ्यात आमच्या मागून फडात या. जे लिहाल ते परत आणून चावडीवर वाचून दाखवा. आमच्या भाषेत. आम्ही चुका काढू. त्या दुरुस्त करा, मग पदवी घ्या.

बापाच्या अंगठ्याचा अर्ज माझ्या ट्रंकेत आहे. फेकलेला नाही. लाल पट्टाही भिंतीवर आहे, रस्ता अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा आम्ही घरी असणार आहोत. ह्या वर्षी वस्तीनं ठरवलंय, दर दहा घरांमागं एक घर उचल घेणार नाही. ते मागं राहील, बाकीच्यांची छपरं तशीच ठेवील, आणि कोणी नकाशा घेऊन आला तर त्याला पाणी देऊन सांगेल: लिहून घ्या साहेब, इथं माणसं राहतात. कामाला गेली आहेत.

त्या एका घराचं पोट बाकीच्या नऊ घरांनी भरायचं. महिन्याचे पैसे मी डॉकातून पाठवणार आहे.

आणि त्या पोरीला पुन्हा गेटावर भेटलो तर सांगेन, ताई, तुझा फॉर्म मी भरून दिला. आता माझा तू भर. पहिला प्रश्न असा आहे: तुमच्या शहराची सुरुवात कुठून?